कार्तिकीची हवा आणि ‘तुरळक ठिकाणी’ पाऊस

कार्तिक शुद्ध एकादशी जवळ आली की पंढरीला निघणाऱ्या प्रत्येक घरात दोन प्रश्न असतात : थंडी कितपत, आणि पाऊस येईल काय? देव उठण्याची वेळ आली, तेव्हा मेघांनी आता विसावा घ्यावा, अशी आपली समजूत. मेघ मात्र पंचांग पाहत नाहीत.

‘कमाल तापमानात घट, तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता’ असे वाक्य या दिवसांत पुष्कळदा कानी पडते. आम्ही जन्मभर सूत्रे आणि भाष्ये वाचीत आलो. हे वाक्यही पदशः वाचावे असे आम्हांस वाटते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील १०० पैकी फार तर २५ ठिकाणी. ‘हलका’ म्हणजे दिवसभरात सुमारे अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर. पंढरपूर कोरडे राहिले आणि सांगोल्यात सर पडली, तरी अंदाज खोटा ठरत नाही. पारावर बसून हवामान खात्याची थट्टा करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

‘कमाल’ म्हणजे दुपारचे तापमान. ढग दिवसा ऊन अडवितात म्हणून दुपार गार. तेच ढग रात्री भूमीची ऊब धरून ठेवतात म्हणून पहाट सौम्य. खरा गारठा आभाळ निवळल्यावर, उत्तरेचा कोरडा वारा सुटल्यावर येतो. ढग गेले म्हणून घोंगडी वळकटीत बांधू नये.

हा पाऊस येतो पूर्वेकडून. नैऋत्य मोसमी वारे परतल्यावर बंगालच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे उठतात. ऑक्टोबर २०२० मध्ये, अधिक आश्विनात, असेच एक क्षेत्र काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून थेट सोलापूरकडे आले. त्या अतिवृष्टीत पंढरपुरी कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जीव गेले. तेव्हापासून ‘शक्यता’ हा शब्द आम्ही हलका मानीत नाही.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत मेघांच्या गर्भाचा विचार केला आहे. हिवाळ्यात धरलेला गर्भ १९५ दिवसांनी प्रसवतो, असे त्याचे गणित. आजचे शास्त्र ते मानीत नाही, आणि आम्हीही त्याच्या आधारे कोणास पेरणी सांगणार नाही. परंतु रोज आकाशाकडे पाहून नोंद ठेवण्याची त्याची शिस्त उपग्रहांच्या काळातही शिळी झालेली नाही.

एकाच सरीचे दोन अर्थ पाहावयाचे असतील तर आमच्या पंचक्रोशीत यावे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातील ज्वारीला ती संजीवनी. कासेगावच्या फुलोऱ्यातील द्राक्षबागेला तीच केवड्याचे संकट. दोघेही शेतकरी माळकरी, दोघेही एकाच बारीत उभे. एक पाऊस मागतो, दुसरा तो टळावा म्हणून हात जोडतो. आमच्याकडे प्रसाद घेण्यास येणाऱ्या अशा दोघांना आम्ही एकच नारळ देतो. निवाडा आमच्या हाती नाही.

यात्रेस येणाऱ्यांनी वृद्धांसाठी कानटोपी, अंगावर घेण्यास मेणकापड आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड घ्यावा. वीज चमकू लागली तर वाळवंटात थांबू नये. जागराचा फड मठात न्यावा. ओलाव्याने मृदंगाचे चामडे उतरते, बोल दबतात, त्याला इलाज नाही. वीणेकऱ्यावर मात्र कोणी तरी छत्री धरावी, कारण तो वीणा खाली ठेवणार नाही.