मानकोलीच्या गोदामातलं नेटवर्क कार्ड

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाक्याच्या आसपास गोदामं उभी राहिली त्यात जकातीचा वाटा मोठा होता. माल ग्रामपंचायतीच्या हद्दीत उतरवायचा आणि लागेल तसा मुंबईत न्यायचा, असा तो हिशेब. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली. मग १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल सक्तीचं झालं. आता गाडी भरून, ताडपत्री बांधून तयार असली तरी बिलाचा नंबर आल्याशिवाय सुटत नाही. मोठ्या गोदामात हा नंबर सॉफ्टवेअर परस्पर मिळवतं. म्हणजे जिथे सर्व्हर गोदामातच आहे, तिथे त्याच्या पाठीमागच्या नेटवर्क कार्डावर डॉकवरची अख्खी रांग अवलंबून असते. तरीही या कार्डाकडे ‘एकदा चालू केलं की झालं’ अशाच नजरेने पाहिलं जातं. माझ्या मते घोटाळा तिथेच आहे.

लिनक्सच्या सर्व्हरवर नेटवर्कच्या दोन अवस्था एकाच वेळी नांदतात: एक या क्षणी कर्नलच्या स्मृतीत चालू असलेली, दुसरी डिस्कवरच्या फाइलीत लिहिलेली. ‘आयपी’ ही कमांड देऊन पत्ता बसवला की काम लगेच सुरू होतं, स्कॅनर बोलू लागतात, सगळे घरी जातात. पण तो पत्ता फक्त स्मृतीत असतो. सर्व्हर बंद होऊन चालू झाला की नाहीसा. उलटा प्रकार जास्त फसवा. नेटवर्क मॅनेजरच्या ‘एनएमसीएलआय’ कमांडने कार्डाच्या प्रोफाइलमध्ये बदल केला तर तो फाइलीत जातो, पण प्रोफाइल पुन्हा चालू करेपर्यंत लागू होत नाही. चुकीचा गेटवे लिहिला असेल तर महिनोन्‌महिने काहीच बिघडत नाही, आणि रीस्टार्टच्या दिवशी दोष मात्र विजेवर ढकलला जातो. सेंटओएस ७ इन्स्टॉल करताना नेटवर्कचं बटण चालू करायचं राहिलं, तर फाइलीत ‘ऑनबूट’पुढे ‘नो’ लिहिलं जाई. नंतर कोणीतरी हाताने कार्ड चालू करी आणि ते ‘नो’ तसंच राही.

यावर सरावलेले लोक म्हणतात, सर्व्हर वर्षानुवर्षं बंदच होत नाही. पण कर्नलची सुरक्षा दुरुस्ती लावली की रीस्टार्ट बहुधा करावाच लागतो. न करणं ही फुशारकीची गोष्ट नव्हे. दुसरा आक्षेप असा की नेटवर्क मॅनेजर लॅपटॉपसाठी आहे, जुन्या नेटवर्क-स्क्रिप्टच बऱ्या. तो २०१४ पर्यंत समजण्यासारखा होता. २०२२ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये त्या स्क्रिप्ट काढूनच टाकल्या आहेत. शिवाय साधन कोणतं यापेक्षा एका कार्डावर एकाचाच हुकूम चालणं महत्त्वाचं. दोन व्यवस्थापक लावले की एकाने दिलेला पत्ता दुसरा काढून घेतो. दुरून बदल करताना आपलीच फांदी तोडली जाण्याची भीती खरी आहे, पण तिच्यावरही उपाय आहे. उबुंटूतला ‘नेटप्लॅन ट्राय’ १२० सेकंदांत होकार मिळाला नाही तर जुनी मांडणी परत आणतो.

दोन कार्डं जोडून बाँड केलं की निर्धास्त, हाही असाच एक समज. रॅकच्या मागे वाकून पाहावं: दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये, स्विच एकाच यूपीएसवर. कार्ड मेलं तर बाँड वाचवेल, स्विच गेला तर दोन्ही दिवे एकदम विझतील. आणि दिवा हिरवा असला तरी तो फक्त तार जिवंत असल्याचं सांगतो. स्विचवरचा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये असेल तर पलीकडे कोणीच ऐकत नसतं. म्हणून तपासणी गेटवेपर्यंत, आणि पुढे ई-वे बिलाच्या पोर्टलपर्यंत जायला हवी.

गोदाममालकांना एवढंच सुचवावंसं वाटतं: गाड्या कमी असतील असा दिवस निवडा, सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू करा, एक केबल उपसून पाहा, आणि कीबोर्डला कोणी हात न लावता ई-वे बिल निघतं का ते तपासा.