स्वतःच्या कानांसाठी अडीच हजार

गेल्या जुलैतली गोष्ट. मेढ्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एकदा लागला की वेण्णेचं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि पडवीच्या पत्र्यावर दिवसरात्र ताशा वाजत राहतो. त्या ताशावर मात करायला बैठकीत टीव्ही चढलेला, कारण सासूबाईंची मालिका. आणि ओट्याशी उभी राहून मी मोबाईलवर किशोरीताईंचा भूप ऐकायचा प्रयत्न करतेय! तानपुरा तर ऐकूच येईना. गाणं बिस्किटाच्या डब्यातून आल्यासारखं.

मैत्रिणींनो, लग्नाआधी मी गाणं शिकत होते. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या. मग लग्न, मुलं, बदल्या, आजारपणं. पेटी माहेरीच राहिली. गाता येत नाही तर निदान नीट ऐकावं, असं त्या दिवशी मनात आलं आणि ते जाईना. शाळेत मी तासिकेवर शिकवते. त्या महिन्याच्या मानधनातले अडीच हजार फक्त स्वतःच्या कानांसाठी काढायचे ठरवले. हे लिहितानाही थोडं अपराधी वाटतंय बघा. घरात मिक्सरचं भांडं गळत होतं, धाकटीला रेनकोट हवा होता. रेनकोट घेतला. भांडं अजून गळतंय.

पहिली चूक आधी सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. वर्षभरापूर्वी बिनवायरचे, कानात खोचायचे गोळे पाचशेच्या आत मिळाले म्हणून घेतले होते. त्यांत ढोल तेवढा दणदणीत वाजायचा आणि गाणारी बाई शेजारच्या खोलीत बसल्यासारखी वाटायची. चार महिन्यांत एका गोळ्याची बॅटरी गेली. ती बदलता येत नाही म्हणाले, झालं. बिनवायरच्या वस्तूत आपल्या पैशांतून बॅटरी, चार्जिंगची डबी, रेडिओचं यंत्र असं सगळं यायचं असतं. आवाजाच्या वाट्याला उरतं ते थोडं. तेवढ्याच पैशांत वायरवाला घेतला तर सगळी किंमत आवाजात जाते. म्हणून बजेट लहान असेल तर वायर सोडू नका. त्यातही ज्याची वायर निघते आणि वेगळी विकत मिळते असा घ्या. हेडफोन मरतो तो बहुतेक वायरीपाशी, पिनेजवळ.

ह्यांना वाटलं, एवढ्या पैशांत स्पीकरच आणू, सगळ्यांनाच ऐकता येईल. सगळ्यांनाच ऐकता येणारं घरात काय कमी आहे? मी साताऱ्याची एस.टी. पकडली. पोवई नाक्यावर उतरून दोन-तीन दुकानं पाहिली. कानाला लावून बघू द्या म्हटलं तर दुकानदार हसला, पण एकानं दाखवलं. शेवटी एक घेतला तो तिथं, दुसरी वस्तू मागवली ती कुरियरनं.

हिशेब असा. वायरचा, रबरी टोप्या असलेला इअरफोन अकराशे. मोबाईलला लावायचा जोड सातशे. पूर्वी फोनला साडेतीन मिलिमीटरचं गोल भोक असायचं, आता पुष्कळ फोनना ते नसतं, फक्त चार्जिंगचं टाइप-सी असतं. म्हणून हा जोड लागतो. इथं फसगत होते, जरा लक्ष द्या. फोनमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. हेडफोनला मात्र कमीजास्त होणारी वीज लागते. आकड्यांची वीज करणारी जी चकती असते तिला 'डॅक' म्हणतात. दीडशे-दोनशेला मिळणाऱ्या काही जोडांत ती नसतेच, नुसती तार असते. तो जोड एका फोनला चालतो आणि दुसऱ्याला मुका राहतो. तेव्हा 'डॅकवाला' असं म्हणूनच मागायचा. आणि इअरफोनच्या खोक्यावर 'ओहम' हा आकडा बघा. सोळा ते बत्तीस असेल तर फोन तो आरामात वाजवतो. अडीचशे-तीनशेवाले मोठे हेडफोन दिसायला देखणे, पण त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. आपल्याला तो खटाटोप नको.

उरलेल्यांपैकी चारशेचा आणखी एक साधा, टोपी नसलेला इअरफोन घेतला, जुन्या मोबाईलबरोबर यायचा तसा. का, ते पुढं येतंच.

आता रबरी टोप्यांबद्दल. खोक्यात तीन मापांच्या येतात आणि आपण बसवून आलेलीच वापरतो. पहिले दोन दिवस मला आवाज अगदी पातळ वाटला, वाटलं फसलोच. मग मोठं माप लावून पाहिलं आणि खर्ज अवतरला! टोपी कानाला घट्ट बसली नाही तर खालचे स्वर निसटून जातात. माझ्या तर दोन्ही कानांना वेगळी मापं लागली. बांगड्यांचं माप घेतो, तसं कानाचंही घ्यावं.

परीक्षा कशावर करायची? दुकानदार ढणढणीत सिनेगीत लावतो. तुम्ही नुसता तानपुरा लावायला सांगा. आपल्या शेजारच्या मिरजेत तानपुरे होतात, दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले लोक या कामात आले, आणि 2024 साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. घोडीवर तारेखाली एक दोरा सरकवून जवारी लावतात; त्यामुळं तार नुसती टणकन वाजत नाही, एकाच तारेतून अनेक स्वर उमलत जातात. मोबाईलच्या इवल्या स्पीकरला त्यातला खालचा भाग झेपतच नाही, म्हणून तो डासासारखा गुणगुणतो. चांगल्या इअरफोनवर चारही तारा वेगळ्या मोजता आल्या पाहिजेत आणि खर्जाची घुमारी पुढच्या तारेपर्यंत रेंगाळली पाहिजे. मी डोळे मिटून मोजल्या. क्लासमधल्या बाईंच्या घरातला उदबत्तीचा वास आला म्हटलं तर हसाल.

गाणी कुठून आणायची याची चिंता नको. आकाशवाणीची केंद्रं आता मोबाईलच्या ॲपवर फुकट ऐकू येतात. दुसऱ्या ॲपवर गाणी ऐकत असाल तर 'डेटा बचत' बंद करून आवाजाची प्रत वरची ठेवा आणि शाळेत किंवा शेजारी वायफाय असेल तेव्हा उतरवून ठेवा. पावसात आमच्याकडं आधी वीज जाते, मग रेंज.

आता त्या चारशेच्या इअरफोनचं कारण. दुसऱ्याच दिवशी टोप्या घालून मी ओट्याशी उभी. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या देव जाणे, डाळ तळाला लागून कोळसा. सासूबाई दोनदा हाका मारून गेल्या होत्या. 'कानात बोळे घातलेत सूनबाईंनी,' एवढंच म्हणाल्या, पण लागलं. त्यांचंही चूक नव्हतं. तेव्हापासून स्वयंपाकात आणि रस्त्यावर बिनटोपीचा, ज्यातून बाहेरचं ऐकू येतं. टोपीवाला दुपारी अडीच ते साडेतीन. तेव्हा माझी खोली, माझा कान. हे घरात सगळ्यांना एकदा स्पष्ट सांगून टाकलं. कुणी मेलं नाही.

गंमत म्हणजे हेडफोन स्वयंपाकघरातच जन्माला आला. अमेरिकेत यूटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविननं 1910च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून तिकडच्या नौदलाला पुरवले. त्याच्या बायकोला ओटा कधी रिकामा मिळाला असेल कोण जाणे.

जपायचं एकच, आवाज. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं 80 डेसिबलवर आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकावं, मुलांसाठी हीच मर्यादा 75 डेसिबलची. आवाज दर तीन डेसिबल चढला की तास निम्मे होतात. घरगुती खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाचं साधं बोलणं कळत नसेल तर आवाज कमी करा. पावसाच्या आवाजावर चढवत जाण्यापेक्षा टोपी घट्ट बसवा, पाऊस आपोआप बाहेर राहतो.

आणि आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले. ऑगस्टमधल्या एका दुपारी वीज गेली, टीव्ही बंद. सासूबाई कंटाळून माझ्या खोलीत आल्या. मी म्हटलं, 'आई, ऐकता का जरा?' आणि गीतरामायण लावलं. माडगूळकरांचं, सुधीर फडक्यांनी गायलेलं. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एकेक गीत लागायचं, ते ऐकायला वाड्यात माणसं गोळा व्हायची, असं त्या त्यांच्या आईकडून ऐकत आलेल्या. दोन मिनिटांनी म्हणाल्या, 'अगं, तुझा डावा बिघडलाय.' मला वाटलं, अकराशे पाण्यात! मी डावा-उजवा अदलाबदल करून त्यांच्या कानांना लावला. 'अजून डावाच,' त्या म्हणाल्या.

बिघडला होता तो कान. आणि आम्ही दोन वर्षं म्हणत होतो, आई लक्ष देत नाहीत, टीव्ही उगाच मोठा करतात, हाक मारली तर मुद्दाम उत्तर देत नाहीत. मीसुद्धा म्हणत होते.

साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डाव्या कानात मळ दगडासारखा बसला होता. तो काढल्यावर पुष्कळ फरक पडला. मग बंद खोलीत हेडफोन लावूनच श्रवणाची तपासणी झाली आणि राहिलेल्या कमीपणासाठी श्रवणयंत्र सुचवलं, ते दिवाळीनंतर घेतलं. (हेअरपिननं मळ काढू नका, आणि न विचारता तेल घालू नका. डॉक्टर त्याच्यावरच जास्त रागावले.) तुमच्याही घरात कुणी टीव्ही मोठा करत असेल तर दोन्ही बाजू अदलून ही परीक्षा जरूर करा. फुकटची आहे. तपासणीची जागा ती घेत नाही, पण शंका तर येते.

टीव्हीचा आकडा चाळीसवरून अठरावर आलाय. अडीच हजारांतले तीनशे उरले होते, त्यांत जादा टोप्या आणि एक चेनची पिशवी घेतली. पिशवी बहुतेक वेळा माझ्या कपाटात नसतेच. दुपारी अडीचला शोधायला जावं तर सासूबाईंच्या उशाशी असते आणि त्या डोळे मिटून हातानं ताल धरत असतात. मग मी आपली बिनटोपीचा लावून वह्या तपासायला बसते.