फाइल प्रणाली दुरुस्ती (लिनक्स)

संगणकाच्या तबकडीवरील माहिती व तिच्या मांडणीच्या नोंदी यांत निर्माण झालेली विसंगती शोधून दूर करण्याची प्रक्रिया. तबकडीवर माहिती ठराविक आकाराच्या खंडांत साठविलेली असते. प्रत्येक फाइलीचे खंड, आकार व मालकी यांची नोंद ‘आयनोड’मध्ये, तर संपूर्ण मांडणीचे वर्णन ‘सुपरब्लॉक’मध्ये असते.

कारणे : एक फाइल लिहिताना अनेक नोंदी बदलाव्या लागतात. त्याच वेळी वीज गेल्यास काही नोंदी नव्या व काही जुन्या राहतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात २००५ नंतर काही वर्षे दीर्घ भारनियमन होते. त्या काळात शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्यांत यूपीएस नसलेल्या संगणकांना हा धोका विशेष असे. तबकडीची झीज, सदोष स्मृती व सैल जोडतार हीही कारणे आहेत.

रोजनामा : १९९३ मधील ‘एक्स्ट-२’ प्रणालीत संगणक अचानक बंद पडल्यावर संपूर्ण तबकडी तपासावी लागे. २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या ‘एक्स्ट-३’मध्ये व २००८ मध्ये स्थिरावलेल्या ‘एक्स्ट-४’मध्ये बदलांची पूर्वनोंद रोजनाम्यात होते व तीवरून मांडणी काही क्षणांत सुसंगत होते. मात्र सामान्यतः रोजनाम्यात मांडणीच्याच नोंदी असतात, फाइलीतील मजकूर नसतो.

दुरुस्ती : विभाग अचानक केवळ वाचनक्षम होणे, हे बिघाडाचे एक लक्षण होय. अशा वेळी लेखन थांबवून प्रथम तबकडीची प्रकृती तपासतात. ती खालावली असल्यास दुसऱ्या तबकडीवर तिची हुबेहूब प्रत घेऊन प्रतीवरच काम करतात. ‘एफएससीके’ हा तपासणी-कार्यक्रम विभाग प्रणालीपासून विलग करूनच चालवावा लागतो. वापरातील विभागावर तो चालविल्यास हानी वाढते. मूळ विभागासाठी संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू करतात. प्रथम काहीही न बदलता केवळ तपासणी व नंतर दुरुस्ती, असा क्रम असतो. सुपरब्लॉक नष्ट झाल्यास त्याच्या राखीव प्रती वापरता येतात. ४,०९६ बाइटांचे खंड असल्यास पहिली प्रत सामान्यतः ३२,७६८ व्या खंडात असते. ‘एक्सएफएस’ प्रणालीसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे.

मर्यादा : दुरुस्तीने मांडणी सुसंगत होते, माहिती परत मिळेलच असे नाही. विसंगत नोंदी कार्यक्रम काढूनही टाकतो. निर्देशिकेशी संबंध तुटलेल्या फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’ निर्देशिकेत मूळ नावाऐवजी आयनोड क्रमांकाने ठेवल्या जातात. त्यामुळे नियमितपणे घेतलेली स्वतंत्र प्रत हाच माहितीच्या रक्षणाचा खात्रीचा उपाय ठरतो.