राइट स्टफ : एका सूचीपत्राचा उदय आणि अस्त

मका आणि सोयाबीनच्या शेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या आयोवा या अमेरिकी राज्यात, डे मॉइन शहराच्या परिसरात, १९८७ साली सुरू झालेली राइट स्टफ ही कंपनी पुढची सुमारे पस्तीस वर्षे उत्तर अमेरिकेतील ॲनिमेच्या विक्रीचे एक प्रमुख केंद्र होती. ॲनिमे म्हणजे जपानमध्ये तयार होणारे ॲनिमेशनपट आणि ॲनिमेशन-मालिका. भारतीय प्रेक्षकांनी दूरदर्शनवर पाहिलेली ‘जंगल बुक’ किंवा पुढे घराघरांत पोहोचलेली ‘डोरेमॉन’ ही त्याचीच उदाहरणे आहेत. अशा एकाच प्रकारच्या मालावर चाललेला व्यवसाय इतका काळ का टिकला, आणि दिवाळे न निघताही अखेरीस का नाहीसा झाला, हे पाहिले असता गेल्या चार दशकांत कलाकृती विकत घेण्याची रीत कशी बदलत गेली हेही लक्षात येते.

कंपनीच्या आरंभीच्या प्रकाशनांत ओसामू तेझुका यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’ या मालिकेच्या व्हीएचएस कॅसेट होत्या. १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या या मालिकेचे १९३ भाग निघाले आणि त्यांपैकी १०४ भाग इंग्रजी संवादांसह अमेरिकेत दाखवले गेले. ज्यांनी लहानपणी ती पाहिली होती त्यांना प्रौढपणी ती पुन्हा पाहण्याचा मार्ग उरला नव्हता. नव्या लोकप्रिय मालावर उडी घालण्याऐवजी जुन्या, विस्मरणात जाऊ पाहणाऱ्या कलाकृतीपासून सुरुवात करणे हा निर्णय या कंपनीच्या पुढच्या स्वभावाचा निदर्शक ठरला. संस्थापकांपैकी एक असलेले शॉन क्लेकनर हे दीर्घकाळ तिचे प्रमुख राहिले.

त्या काळातील ग्राहकाची स्थिती आज समजून घेणे कठीण आहे. एका कॅसेटवर बहुधा दोन भाग असत आणि तिची किंमत तीस डॉलरच्या आसपास असे, त्यामुळे सव्वीस भागांची मालिका पुरी करायची तर तेरा कॅसेटसाठी जवळजवळ चारशे डॉलर मोजावे लागत. शिवाय मूळ जपानी संवाद ठेवून खाली इंग्रजी मजकूर दाखवणारी आवृत्ती, तिचा खप कमी असल्याने, इंग्रजी संवाद भरलेल्या आवृत्तीपेक्षा बरेचदा महाग असे. लहान गावातील भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानांत हा माल क्वचितच मिळे. म्हणून रसिक एकमेकांना प्रती करून पाठवत, किंवा छापील सूचीपत्र मागवून त्यातून निवड करत आणि टपालाने मागणी नोंदवत. राइट स्टफची खरी भूमी हीच होती. टपालाने चालणाऱ्या धंद्याला महानगरातील मोक्याच्या जागेची गरज नसते. त्याला लागते ते विस्तीर्ण गोदाम, बिनचूक नोंदी आणि माल न मोडता पोहोचवण्याची शिस्त, आणि या तिन्ही गोष्टी आयोवात महानगराच्या मानाने कमी खर्चात उभ्या करता येत होत्या.

१९९० च्या दशकाअखेर डीव्हीडी आली. एका तबकडीवर अधिक भाग मावू लागले, दोन्ही भाषा एकत्र मिळू लागल्या, किंमत उतरली आणि ग्राहक वाढले. त्याच सुमारास मांगा म्हणजे जपानी चित्रकथांची पुस्तकेही इंग्रजीत मोठ्या प्रमाणावर निघू लागली. सूचीपत्राची जागा संकेतस्थळाने घेतली, पण पद्धत जुनीच राहिली: प्रकाशक कोणताही असो, त्याचा शक्य तेवढा सगळा माल एका जागी ठेवायचा, येणाऱ्या प्रकाशनांची आगाऊ मागणी घ्यायची आणि आठवड्याआठवड्याला एखाद्या प्रकाशकाच्या मालावर सवलत द्यायची.

या व्यवसायाची सर्वांत कठोर परीक्षा २००६ नंतरच्या सहा वर्षांत झाली. अमेरिकेतील मोठ्या दुकानसाखळ्या डीव्हीडी घेत तेव्हा न विकलेला माल प्रकाशकाला परत करण्याचा हक्क राखून ठेवत. त्यामुळे दुकानाच्या मांडणीवर पोहोचलेली तबकडी ही विक्री झाली असे प्रकाशकाला कधीच खात्रीने म्हणता येत नसे. जानेवारी २००६ मध्ये म्युझिकलँड या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मॉलमॉलमध्ये पसरलेली आणि ॲनिमेसाठी भरपूर जागा देणारी सनकोस्ट ही साखळी तिचीच होती, म्हणून प्रकाशकांची थकलेली येणी आणि हातचा गेलेला बाजार असे दोन्ही आघात एकदम झाले. त्यातच रसिकांनी स्वतः भाषांतरित केलेल्या अनधिकृत प्रती इंटरनेटवरून, जपानमधील प्रसारणानंतर काही दिवसांतच, विनामूल्य मिळू लागल्या होत्या. २००७ मध्ये जेनेऑन या प्रकाशकाच्या अमेरिकी शाखेने वितरण थांबवले, २००९ मध्ये एडीव्ही फिल्म्स आणि सेंट्रल पार्क मीडिया या दोन्ही कंपन्या संपल्या, २०११ मध्ये बॉर्डर्स ही पुस्तकांची प्रचंड साखळी बंद पडली आणि २०१२ च्या आरंभी बंदाई एंटरटेनमेंटने नवीन प्रकाशने थांबवली. राइट स्टफ या पडझडीतून वाचली, याचे श्रेय नशिबाला देणे अन्यायाचे होईल. मॉलमध्ये सहज फिरताना दिसले म्हणून घेणाऱ्या ग्राहकावर तिची भिस्त नव्हती; काय हवे ते नेमके ठाऊक असलेला, संग्रह करणारा आणि वर्षानुवर्षे परत येणारा ग्राहक तिने जोडला होता, आणि असा ग्राहक बाजार आक्रसला तरी शेवटपर्यंत उरतो.

वाचल्यानंतर कंपनीने जे केले ते तिच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम आहे. नोझोमी एंटरटेनमेंट या आपल्या प्रकाशन-विभागातून तिने बुडालेल्या प्रकाशकांकडून पोरक्या झालेल्या मालिकांचे परवाने मिळवले. परवाना म्हणजे ठरावीक प्रदेशात ठरावीक मुदतीपुरता कलाकृती प्रकाशित करण्याचा हक्क. मुदत संपली की उरलेला साठा संपेपर्यंतच ती मालिका बाजारात राहते, आणि परवानाधारकच नष्ट झाला तर तिला कोणी वालीच उरत नाही. कुनिहिको इकुहारा यांची ‘रेव्होल्यूशनरी गर्ल उतेना’ ही मालिका पूर्वी सेंट्रल पार्क मीडियाकडे होती. तिची सुधारित चित्रप्रतीवरून केलेली, पुस्तिकांसह तीन संचांतील आवृत्ती नोझोमीने २०११ मध्ये काढली. २०१४ मध्ये राइट स्टफने जपानच्या सनराइज या निर्मितीसंस्थेशी सहकार्य जाहीर केले आणि बंदाईच्या माघारीनंतर अडकून पडलेल्या ‘गंडम’ मालिका पुन्हा तबकड्यांवर उपलब्ध झाल्या. संथ, विरळ प्रेक्षकांच्या ‘आरिया’सारख्या मालिकेला मोठ्या प्रकाशकाच्या हिशेबात जागा मिळाली नसती; येथे विक्रेता आणि प्रकाशक एकच असल्याने कोणती मालिका किती ग्राहक मागतात हे त्याला आपल्याच खतावणीतून दिसत होते.

दरम्यान बाजाराचे मूळच हलत होते. २००६ मध्ये सुरू झालेली क्रंचिरोल ही सेवा २००९ पासून केवळ अधिकृत परवान्यांवर चालू लागली, आणि जपानी प्रसारणानंतर अल्पावधीत उपशीर्षकांसह नवा भाग मासिक वर्गणीत दाखवू लागली. बहुसंख्य प्रेक्षकांना तबकडी घेण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर एकत्रीकरणाची लाट आली: सोनीने २०१७ मध्ये फनिमेशन या टेक्सासमधील प्रकाशकाचे बहुसंख्य समभाग घेतले, ऑगस्ट २०२१ मध्ये एटी अँड टीकडून क्रंचिरोल ११७.५ कोटी डॉलरना खरेदी केली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये क्रंचिरोलने राइट स्टफ विकत घेतल्याचे जाहीर केले. त्याबरोबरच केवळ प्रौढांसाठी असलेला माल तिच्या विक्रीतून काढण्यात आला. १० ऑक्टोबर २०२३ रोजी राइट स्टफचे संकेतस्थळ बंद होऊन क्रंचिरोलच्या दुकानात विलीन झाले.

ही खरेदी बेकायदेशीर नव्हती, आणि पस्तीस वर्षे चालवलेला व्यवसाय योग्य वेळी विकण्यात मालकांचा दोष काढता येत नाही. तरीही हानी खरी आहे. पूर्वी मालिकेचा निर्माता, परवाना घेणारा प्रकाशक, ती प्रसारित करणारी सेवा आणि तबकडी विकणारे दुकान असे वेगवेगळे घटक होते आणि त्यांच्या हितसंबंधांत तफावत होती. आता ॲनिप्लेक्स ही निर्मितीसंस्था, क्रंचिरोल ही सेवा आणि तिचे दुकान हे सारे सोनीच्याच समूहात आहे. एएमसी नेटवर्क्सच्या मालकीच्या सेंटाई फिल्मवर्क्ससारख्या स्पर्धक प्रकाशकालाही आपल्या तबकड्यांसाठी प्रतिस्पर्ध्याच्या दुकानातील जागेचा विचार करावा लागतो. वर्गणीवर चालणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने तबकडी ही दुय्यम वस्तू असते, तर राइट स्टफसाठी तीच सर्वस्व होती.

एप्रिल २०२४ मध्ये फनिमेशनची प्रसारणसेवा क्रंचिरोलमध्ये विलीन होऊन बंद झाली तेव्हा हा फरक ग्राहकांना प्रत्यक्ष भोगावा लागला, कारण तबकडीच्या डब्यात मिळालेले संकेतांक वापरून त्यांनी आपल्या खात्यात जमवलेल्या डिजिटल प्रती क्रंचिरोलकडे आल्या नाहीत. जुन्या मालिका काळजीपूर्वक दुरुस्त करून ब्ल्यू-रेवर आणण्याचे काम आता डिस्कोटेक मीडिया आणि ॲनिमेइगो यांसारखे छोटे प्रकाशक करत आहेत, आणि या तबकड्या विकत घेणारे रसिक ॲमेझॉन, क्रंचिरोलचे दुकान आणि काही लहान विक्रेते यांच्यात विखुरले आहेत.