कळवळ्याला प्रशिक्षणाची जोड

लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलाला पोलीस ठाणं, दवाखाना, न्यायालय अशा अनोळखी जागी जावं लागतं. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पोक्सो कायद्याखालील २०२०च्या नियमांनुसार बालकल्याण समिती त्याच्या सोबतीला 'सहायक व्यक्ती' देऊ शकते. या कामाला नुसता कळवळा पुरत नाही; शिकावं लागतं.

पहिला धडा ऐकण्याचा. 'नेमकं काय झालं, पुन्हा सांग' असं विचारायचं नाही. तपास पोलिसांचा, खोदून विचारल्याने मूल पुन्हा होरपळतं आणि साक्षही गढूळ होऊ शकते. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही,' एवढं शांतपणे म्हणावं. 'आरोपीला शिक्षा होईलच' असं वचन देऊ नये.

दुसरा धडा कायद्याचा. जबाब घरी नोंदवता येतो, त्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत, साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या समोर येऊ नये, ओळख उघड होऊ नये. हे हक्क ठाऊक असले तरच ते मागता येतात.

तिसरा धडा स्वतःला जपण्याचा. असं दुःख सतत ऐकणाऱ्याचीही झोप उडते. म्हणून अनुभवी समुपदेशकाशी नियमित बोलणं हा प्रशिक्षणाचाच भाग हवा. कारण खटला लांबला तरी मुलाची साथ सुटता कामा नये.