पुडक्याचा माग

टपालाने धाडलेल्या पुडक्याचा ठावठिकाणा घरबसल्या कसा कळतो, एवढेच लिहून द्यावे असे संपादकांचे म्हणणे होते. परंतु कागल मागे टाकून, दूधगंगेचा पूल ओलांडून जो कोगनोळीच्या नाक्याशी येतो त्याला महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीचा विसर पडणे शक्य नाही, आणि ही हद्द पत्त्यातही उमटलेली आहे. कागलच्या पिनकोडाचा आरंभ ४ ने होतो, कोगनोळीच्या पिनकोडाचा ५ ने. १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आलेली ही सहा आकड्यांची योजना डाक-तार खात्यातील अधिकारी आणि संस्कृत नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. एकाच नावाची गावे अनेक आणि लिप्याही अनेक, तेव्हा नावापेक्षा आकड्यावर विसंबावे, हा त्यांचा विचार, मराठीत लिहिलेला पत्ता जेथे कानडी वाचणाऱ्याच्या हातून जातो त्या या मुलखात विशेष सार्थ ठरला.

पिनकोडाने गाव कळते. पुडके ओळखण्याचे काम पावतीवरील तेरा चिन्हांचे. आरंभी दोन रोमन अक्षरे, मध्ये नऊ आकडे आणि अंती भारताची ‘आयएन’ ही खूण, असा हा जाबता, १८७४ साली बर्न येथे स्थापन झालेल्या आणि १८७६ पासून हिंदुस्थान ज्याचा सभासद आहे त्या जागतिक टपाल संघाने घालून दिलेला आहे. त्यातील नववा आकडा निव्वळ पहारेकरी आहे, आणि माझे मन गुंतले ते त्याच्यातच. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ व ७ ने गुणावे, बेरजेस ११ ने भागावे आणि बाकी ११ मधून वजा करावी. क्रमांक १२३४५६७८ असेल तर बेरीज २०४, बाकी ६, म्हणून नववा आकडा ५. हाताने क्रमांक भरताना कारकुनाकडून ३ आणि ४ यांची अदलाबदल झाली, तर बेरीज २०६ होते, बाकी ८ उरते, पहारेकरी ३ मागतो, आणि समोर ५ पाहून यंत्र तो क्रमांक नाकारते. वजाबाकी १० आली तर ० आणि ११ आली तर ५ मांडावा, अशी तडजोड मात्र करावी लागली आहे. त्यामुळे ५ च्या वाट्याला दोन बाक्या येतात आणि एखादी चूक तेथून निसटते. एवढ्या कडक बंदोबस्तातली ही फट मला तरी लोभस वाटली.

खरी अडचण आकड्यांच्या बाहेर आहे. पुडके थैलीत गेले आणि थैलीला स्वतःचा क्रमांक मिळाला की वाटेत वाचली जाते ती थैलीची चिठ्ठी. आतल्या पुडक्यांची रवानगी संगणक त्यावरून गृहीत धरतो. एका थैलीच्या यादीत नोंदलेले पुडके नजरचुकीने दुसरीत पडले, तर यादीतली थैली उघडेपर्यंत ते पडद्यावर बिनचूक प्रवास करीत राहते. त्यात कोल्हापूरहून कोगनोळीस निघालेले पुडके टपाल खात्याच्या महाराष्ट्र सर्कलमधून कर्नाटक सर्कलमध्ये जाते, आणि त्याचा मार्ग गाडीरस्त्याचे अंतर पाहून ठरत नाही, तर वर्गीकरण केंद्रांच्या व्यवस्थेप्रमाणे ठरतो. शेवटच्या टप्प्यावर, खेड्यातील शाखा डाकघरांत, ग्रामीण डाक सेवक दिवसाकाठी काही तासच तैनात असतात. ग्रामीण डाकघरांच्या संगणकीकरणाच्या ‘दर्पण’ योजनेने त्यांच्या हाती यंत्र दिले खरे, पण रेंज नसेल तर नोंद यंत्रातच अडकून पडते आणि घरी पोचलेले पुडके जगाच्या लेखी वाटेतच असते.

म्हणून वाचकांना विनंती अशी, की सीमाभागात पुडके धाडताना पिनकोड आणि घेणाऱ्याचा मोबाईल क्रमांक ठळक लिहावा, पोच मिळेपर्यंत पावती जपून ठेवावी, आणि तक्रारीची वेळ आलीच तर शेवटची नोंद पुडक्याची होती की थैलीची, हे आधी विचारावे.