प्रभुभोजनाच्या प्याल्यातला रस

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं व्हाइनलँड हे गाव 1861 मध्ये वसलं, तेच मुळी दारूविक्रीला थारा द्यायचा नाही या निश्चयाने. तिथले दंतवैद्य थॉमस ब्रॅमवेल वेल्च मेथडिस्ट पंथाचे. दारू वर्ज्य मानणाऱ्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीला, वाइनचाच प्याला फिरावा, हे त्यांना खटकत होतं. 1869 मध्ये त्यांनी द्राक्षांचा रस गाळून बाटल्यांत भरला, बुचं घट्ट बसवली आणि बाटल्या पाण्यात उकळल्या. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतंच; फळ चिरडलं की ते रसातल्या साखरेवर पोसतं आणि रस आंबू लागतो. उकळीने यीस्ट मेलं आणि रस रसच राहिला. वाइन नासू नये म्हणून लुई पाश्चर यांनी थोड्याच वर्षांपूर्वी शोधलेली युक्ती वेल्च यांनी वाइन होऊच नये म्हणून वापरली.

ख्रिस्ती मद्यवर्ज्यतेची मुळं मला बायबलइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, एकोणिसाव्या शतकातल्या समाजात दिसतात. अठरा शतकं चर्चने वाइनला नव्हे, झिंगण्याला पाप मानलं. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या 1743 च्या नियमांतही बंदी होती ती कडक, ऊर्ध्वपातित दारूवर. मग अमेरिकेत रम आणि व्हिस्की स्वस्त झाली, घरंच्या घरं बुडाली. 1826 मध्ये बोस्टनला मद्यपानविरोधी संस्था निघाली. 1874 मध्ये ख्रिस्ती स्त्रियांचा संघ उभा राहिला, कारण नवऱ्याने मजुरी पिऊन टाकली की उपाशी राहत ती बायकामुलं. 

माझ्या या मतावर काही ख्रिस्ती अभ्यासक म्हणतात की येशूने शेवटच्या भोजनात शिष्यांना दिला तो न आंबलेलाच रस. हे मला पटत नाही. पॅलेस्टाइनमध्ये द्राक्षं उतरतात उन्हाळ्याच्या अखेरीस, आणि ते भोजन झालं तो ज्यूंचा वल्हांडण सण येतो मार्च-एप्रिलमध्ये. मधल्या सहा-सात महिन्यांत ताजा रस टिकणार कसा? तो आटवून काकवीसारखा घट्ट करून ठेवत, हे खरं. पण सणाच्या पेल्यात तोच असे, याला आधार नाही. शिवाय करिंथच्या सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनालाच लोक झिंगत होते. प्रेषित पौलाने त्यांची कडक कानउघाडणी केली, पण पेय बदला असं सांगितलं नाही. उलट आपला सहकारी तीमथ्य याला त्याने पोटासाठी थोडी वाइन घ्यायला सांगितलं.

मग काना गावच्या लग्नात येशूने पाण्याची वाइन केली, हा दाखला देऊन खुशाल प्यावं का? तेही नाही. त्या काळी वाइनमध्ये पाणी मिसळायची रीत होती आणि व्हिस्की ठाऊकच नव्हती. त्या दाखल्यावर आजच्या बारचं समर्थन उभं राहत नाही. मद्यवर्ज्यतेचा खरा भक्कम आधार पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे: ज्याने आपला भाऊ अडखळतो, ते आपण खाऊपिऊ नये. इथे दोष पेयाचा नाही, काळजी शेजाऱ्याची आहे. म्हणूनच व्यसनातून उठलेल्या माणसापुढे वाइनचा प्याला न धरणारी मेथडिस्ट मंडळी मला पौलाच्या जवळची वाटते, येशूने रसच दिला हा इतिहास कच्चा असला तरी. याउलट कॅथलिक पंथात मिस्साला, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या विधीला, द्राक्षांची नैसर्गिक वाइनच लागते. 1920 ते 1933 च्या अमेरिकी दारूबंदीतही धर्मविधीच्या वाइनला सूट होती. पण ज्या धर्मगुरूला मद्य चालत नाही, त्याला बिशपच्या परवानगीने, गोठवून आंबणं थांबवलेला द्राक्षांचा रस वापरता येतो.